मानखुर्दच्या खाडीचं वेळापत्रक आणि ते मांडणारे शास्त्रज्ञ

मानखुर्द सोडून हार्बरची गाडी वाशीच्या पुलावर चढली की खाली ठाण्याची खाडी दिसते. या पुलावरून १९९२पासून गाड्या धावतात आणि रोज लाखो माणसं हे पाणी ओलांडतात. सकाळी जाताना काठोकाठ भरलेली खाडी संध्याकाळी परतताना तिवरांच्या मुळांपर्यंत उघडी पडलेली असते, आणि आठवड्याभरात हे चित्र नेमकं उलटं होतं. हे पाणी किती वाजता चढणार, किती चढणार आणि चढताना-उतरताना काय काय वाहून नेणार, याचा अभ्यास हा काही माणसांचा आयुष्यभराचा व्यवसाय असतो. त्यांना भौतिक समुद्रशास्त्रज्ञ म्हणतात. मासे, शैवाल, खनिजं हे त्यांचे विषय नव्हेत. पाण्याची हालचाल हा त्यांचा विषय. किनाऱ्यावर राहणाऱ्या आपल्यासारख्यांना त्यांच्या कामाची जितकी गरज आहे, तितकी त्याची ओळख मात्र नाही, असं मला फार वाटतं.

साडेचार मीटर म्हणजे नेमकं किती?

दर पावसाळ्याआधी मुंबई महापालिका मोठ्या भरतीच्या दिवसांची यादी प्रसिद्ध करते. ‘समुद्रात साडेचार मीटर उंचीच्या लाटा उसळणार’ अशा बातम्या मग येतात. यादीतला आकडा लाटेचा नसतो. भरतीच्या वेळी समुद्राची एकूण पातळी कुठपर्यंत येईल, ते तो सांगतो. आणि ही उंची मोजायची सुरुवात होते नौकानयनाच्या नकाशांसाठी ठरवलेल्या खालच्या शून्यापासून, म्हणजे जवळपास सर्वांत खोल ओहोटीच्या पातळीपासून.

मुंबईत समुद्राची सरासरी पातळी या शून्याच्या वर सुमारे अडीच मीटर आहे. म्हणजे साडेचार मीटरची भरती सरासरीपेक्षा सुमारे दोन मीटर वर. लाटा असल्याच तर त्या या उंचावलेल्या पातळीवर आणखी चढतात. मानखुर्द, मंडाळे, ट्रॉम्बे या खाडीकाठच्या सखल भागांना धोका असतो तो या पातळीचा. खाडीत मोठ्या लाटा येत नाहीत, पण पातळी चढली की नाल्यांची तोंडं पाण्याखाली जातात आणि शहरातलं पाणी बाहेर पडायची वाट बंद होते.

उधाणाच्या, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासच्या, दिवसांत मुंबईत सरासरी भरती ४.४ मीटरच्या आसपास जाते आणि ओहोटी ०.८ मीटरपर्यंत उतरते. फरक साडेतीन मीटरहून अधिक. भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या, दिवसांत भरती ३.३ आणि ओहोटी १.९ मीटर, म्हणजे फरक जेमतेम दीड मीटर. कोळ्यांची डोल आणि बोक्शी ही जाळी पाण्याच्या ओढीवर चालतात. खुंटाला बांधलेल्या जाळ्याचं तोंड प्रवाहच उघडं ठेवतो आणि मासळी आत ढकलतो. त्यामुळे भांगाला जाळं रिकामं राहतं, आणि धंद्याचं सगळं गणित उधाणाच्या दिवसांभोवती बांधलेलं असतं.

तिथीचा पाऊणपट

कोकण किनाऱ्यावर भरतीची वेळ काढायचा एक जुना हिशेब आहे. तिथीला तीनने गुणायचं आणि चारने भागायचं. अष्टमी असेल तर आठ त्रिक चोवीस, भागिले चार म्हणजे सहा. सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती. चतुर्थीला तीन, द्वादशीला नऊ. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशेब तोच.

हा हिशेब चालतो कसा? भरती मुख्यतः चंद्रामुळे येते. पृथ्वीच्या चंद्राकडच्या बाजूला ओढ जास्त आणि पलीकडच्या बाजूला कमी, म्हणून दोन्ही बाजूंना पाणी फुगतं आणि दिवसात दोन भरत्या येतात. पण पृथ्वी स्वतःभोवती एक फेरी पुरी करते तोवर चंद्र थोडा पुढे सरकलेला असतो. त्याला गाठायला रोज सुमारे ५० मिनिटं जास्त लागतात. पंधरा तिथींच्या पक्षात भरती बारा तास मागे पडते, म्हणजे तिथीमागे ४८ मिनिटं. तोंडी हिशेबाला ४८पेक्षा पाऊण तास सोपा, म्हणून तीन चतुर्थांश.

हाच हिशेब जगात सगळीकडे चालणार नाही. अमावास्या-पौर्णिमेला बाराच्या सुमारास भरती येणं हे मुंबई-कोकणच्या किनाऱ्याचं वैशिष्ट्य आहे. दुसऱ्या बंदरात तीच भरती चार वाजता किंवा नऊ वाजता येऊ शकते, कारण समुद्राचा आकार, खोली आणि किनाऱ्याची ठेवण यांवर भरतीच्या लाटेचा प्रवास ठरतो. एका विशिष्ट किनाऱ्याचं पिढ्यान्‌पिढ्या केलेलं निरीक्षण या साध्या गुणाकारात साठलेलं आहे.

तिथीच्या हिशेबात न बसणारी एक गोष्ट महापालिकेच्या यादीत मात्र दिसते. पावसाळ्याच्या पहिल्या महिन्यांतल्या सर्वांत मोठ्या भरत्या बहुतेक भर दुपारी येतात, हिवाळ्यातल्या मोठ्या भरत्या मध्यरात्री. दिवसातल्या दोन भरत्या सारख्या उंचीच्या नसतात. दिवसातून एकदाच वर-खाली होणारा एक छोटा घटक दोनदा येणाऱ्या मुख्य भरतीत मिसळलेला असतो. तो जून-जुलैत दुपारच्या भरतीला हात देतो आणि डिसेंबरात रात्रीच्या. दुपारची मोठी भरती आणि पावसाचा जोर एकाच ऋतूत यावेत, हे मुंबईचं दुर्दैव.

अपोलो बंदरची नोंदवही

या घटकांची फोड करण्याचं शास्त्र एकोणिसाव्या शतकात उभं राहिलं. लॉर्ड केल्व्हिन म्हणून पुढे ओळखले गेलेले विल्यम थॉमसन यांनी १८६०च्या दशकात दाखवून दिलं की कुठल्याही बंदराची भरती ठरावीक कालावधीच्या अनेक साध्या लहरींची बेरीज म्हणून लिहिता येते. चंद्राची मुख्य लहर १२ तास २५ मिनिटांची, सूर्याची बरोबर १२ तासांची, शिवाय चंद्राच्या कलत्या आणि लंबवर्तुळाकार कक्षेमुळे येणाऱ्या इतर. कालावधी आकाशातून ठरतात, ते सगळ्या जगाला सारखे. प्रत्येक लहरीची उंची आणि वेळ मात्र त्या त्या बंदरात मोजूनच काढावी लागते. मुंबईत चंद्राच्या मुख्य लहरीची उंची सुमारे सव्वा मीटर आहे, म्हणजे एकटी तीच लहर पाणी सरासरीच्या सव्वा मीटर वर आणि तेवढंच खाली नेते.

भारतात हे मोजमाप सर्व्हे ऑफ इंडियाने हाती घेतलं. १८७०च्या दशकात मेजर बेअर्ड यांनी कच्छच्या आखातात सुरुवात केली आणि १८७८मध्ये मुंबईच्या अपोलो बंदरला भरतीमापक बसला. विहिरीसारख्या उभ्या नळात एक तरंगता गोळा, त्याला जोडलेली लेखणी आणि घड्याळाच्या गतीने फिरणारा कागद, असं हे यंत्र. आशियातल्या सर्वांत लांब पल्ल्याच्या नोंदींमध्ये अपोलो बंदरची नोंद मोजली जाते.

नोंदीवरून पुढच्या वर्षाचं भाकीत करायचं तर हजारो बेरजा कराव्या लागत. त्यासाठी कप्प्यांवरून फिरणाऱ्या तारेचं एक यंत्र भारतीय बंदरांसाठी १८७९मध्ये इंग्लंडमध्ये तयार झालं. प्रत्येक कप्पी एका लहरीच्या तालात वर-खाली होई आणि तारेच्या टोकाला लावलेली लेखणी सगळ्यांची बेरीज कागदावर उतरवी. १९२१मध्ये ते डेहराडूनला आलं. आज हे काम संगणक क्षणात करतो, पण पद्धत केल्व्हिनचीच आहे.

अशा नोंदीचं मोल काळाबरोबर वाढत जातं. चंद्राच्या कक्षेचा कल १८.६ वर्षांच्या चक्रात बदलतो आणि त्याबरोबर भरतीची उंचीही थोडी बदलते. दहा-वीस वर्षांच्या आकड्यांवरून समुद्र वाढतोय असं म्हटलं तर ती वाढ या चक्राची आहे, वाऱ्यापावसाची आहे की खरोखर हवामानबदलाची, हे सांगता येत नाही. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या ए. एस. उन्नीकृष्णन आणि डी. शंकर यांनी २००७मध्ये उत्तर हिंदी महासागरातल्या लांब नोंदी तपासल्या, तेव्हा वाढीचा वेग वर्षाला १.०६ ते १.७५ मिलिमीटर निघाला. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या अपोलो बंदरचा कागद रोज बदलला, त्यांच्या नियमितपणाशिवाय हा आकडा काढताच आला नसता.

मुंबईला पाणी जास्त का चढतं

गोव्यात भरती-ओहोटीतला फरक जास्तीत जास्त दोन-अडीच मीटर. मुंबईत पाच मीटरच्या घरात. खंबातच्या आखातात भावनगरकडे तर दहा मीटर. चंद्र तोच, मग एवढा फरक कशामुळे?

कारण समुद्राच्या तळात आहे. किनाऱ्यापासून आत जाताना तळ काही अंतर उथळ राहतो आणि मग एकदम खोल उतरतो. या उथळ भागाला खंडमंच म्हणतात. दक्षिणेकडे तो अरुंद आहे, उत्तरेकडे रुंदावत जातो आणि मुंबईसमोर सुमारे ३०० किलोमीटर पसरतो. बॉम्बे हायच्या तेलविहिरी त्याच्यावरच उभ्या आहेत. खोल समुद्रातून आलेली भरतीची लाट या उथळ भागात शिरली की तिचा वेग कमी होतो आणि उंची वाढते. पुढे आखाताचं निमुळतं तोंड तिला आणखी दाबतं. उन्नीकृष्णन, सतीश शेट्ये आणि जी. एस. मायकल यांनी १९९९मध्ये खंबातचं आखात, बॉम्बे हाय आणि आसपासच्या भागातला हा प्रवास गणिती प्रतिमानाने मांडला.

सतीश शेट्ये आणि वाऱ्याविरुद्ध वाहणारा प्रवाह

इथे एका संशोधकाची कारकीर्द जरा सविस्तर पाहू, कारण आपल्या किनाऱ्याच्या प्रवाहांबद्दल आज जे माहीत आहे त्यातला मोठा वाटा तिच्यातून आला आहे. सतीश रामनाथ शेट्ये मूळचे गोव्याचे. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठातून पीएच.डी. करून ते दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत रुजू झाले. ही संस्था १ जानेवारी १९६६ रोजी स्थापन झाली. त्याआधीच्या पाच-सहा वर्षांत वीसेक देशांच्या जहाजांनी मिळून हिंदी महासागराची मोहीम काढली होती, तिच्यातून या संस्थेची कल्पना पुढे आली. डॉ. एन. के. पणिक्कर तिचे पहिले संचालक. मुंबईत अंधेरी पश्चिमेला चार बंगल्याजवळ तिचं प्रादेशिक केंद्र आहे.

‘गवेषणी’ आणि १९८३मध्ये आलेली ‘सागर कन्या’ या संशोधन जहाजांमुळे किनाऱ्यालगतच्या समुद्राची पद्धतशीर पाहणी शक्य झाली. शेट्ये आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७च्या पावसाळ्यात आणि पुन्हा डिसेंबर १९८७-जानेवारी १९८८मध्ये पश्चिम किनाऱ्यावर अशा पाहण्या केल्या. किनाऱ्याला काटकोनात रांगा आखायच्या, प्रत्येक रांगेवर ठरावीक ठिकाणी जहाज थांबवायचं, उपकरण खोल सोडून तापमान आणि क्षारता मोजायची. या दोहोंवरून पाण्याची घनता, घनतेवरून दाब आणि दाबातल्या फरकावरून प्रवाह काढता येतो.

पावसाळ्यातलं चित्र अपेक्षेप्रमाणे होतं. वारा किनाऱ्याला समांतर दक्षिणेकडे ढकलतो आणि वरच्या थरातलं पाणी दक्षिणेकडे वाहतं. हिवाळ्यातलं चित्र विलक्षण निघालं. हिवाळ्यात वारा मंद असतो, तरी त्याचा रोख दक्षिणेकडेच असतो. प्रवाह मात्र उत्तरेकडे चाललेला, कमी खारं पाणी घेऊन, चक्क वाऱ्याविरुद्ध. केरळसमोर तो सुमारे ४०० किलोमीटर रुंद आणि उथळ होता, गुजरातसमोर १०० किलोमीटरपर्यंत आक्रसलेला आणि खोल.

वारा ढकलत नाही, तर मग कोण ढकलतं? दक्षिणेकडचं कमी खारं पाणी हलकं असतं आणि तिथली पातळी किंचित उंच राहते. हा उतार मंद वाऱ्यावर मात करतो. पण उत्तर एवढ्यावर संपत नाही. पुढच्या वर्षांत देशातल्या आणि परदेशातल्या संशोधकांनी दाखवून दिलं की बंगालच्या उपसागरात वाऱ्यांनी उठवलेली हालचाल किनाऱ्याला धरून चालते, श्रीलंकेला वळसा घालते आणि पश्चिम किनाऱ्यावर उत्तरेकडे येते. अशा लहरींना केल्व्हिन लहरी म्हणतात. पृथ्वीच्या फिरण्यामुळे उत्तर गोलार्धात त्या किनारा उजव्या हाताला ठेवून चालतात आणि दिवसाला दोनशे किलोमीटरच्या आसपास अंतर कापतात. मुंबईसमोरचा हिवाळी प्रवाह समजायला मुंबईचा वारा पाहून भागत नाही, विशाखापट्टणमकडे काय चाललं होतं तेही पाहावं लागतं.

शेट्ये यांना १९९२मध्ये शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला. २००४ ते २०१२ ते संस्थेचे संचालक होते आणि नंतर गोवा विद्यापीठाचे कुलगुरू झाले. जहाजाची पाहणी म्हणजे काही आठवड्यांचं चित्र. ते वर्षानुवर्षं सलग मिळावं म्हणून पुढच्या पिढीने गोवा, जयगड, मुंबई अशा ठिकाणांसमोर खंडमंचाच्या उतारावर प्रवाहमापक नांगरले. ही यंत्रं पाण्यात ध्वनी सोडतात आणि पाण्यातल्या बारीक कणांवरून परतलेल्या ध्वनीच्या बदललेल्या वारंवारतेवरून थराथराचा वेग काढतात. वर्षभराने जहाज तिथे जातं, ध्वनिसंकेत देऊन नांगर सोडवतं आणि यंत्र वर येतं. कधी ते मासेमारीच्या जाळ्यात सापडून नाहीसं झालेलं असतं, आणि त्याबरोबर वर्षाची नोंदही.

भरती खाडीत शिरते तेव्हा

शेट्ये यांच्या कामाचा दुसरा पैलू मानखुर्दच्या जास्त जवळचा. मार्च-एप्रिल १९९३मध्ये त्यांच्या गटाने गोव्यातल्या मांडवी आणि झुवारी नद्यांवर तेरा ठिकाणी महिनाभर पाण्याची पातळी नोंदवली. तळाच्या घर्षणाने भरती आत जाता जाता मंदावत जाईल, असं कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात मुखापासून सुमारे ४० किलोमीटरपर्यंत तिची उंची जवळपास तेवढीच राहिली आणि पुढच्या दहाएक किलोमीटरांत झपाट्याने संपली. घर्षण लाटेची ताकद खातं, पण पात्र आत जाताना निमुळतं होत असल्यामुळे उरलेली ताकद कमी रुंदीत एकवटते. दोन्ही परिणाम एकमेकांना तोलून धरतात.

ठाण्याची खाडीही मुंबई बंदराकडे रुंद आणि ठाण्याकडे अरुंद आहे. लांबी सुमारे २६ किलोमीटर. पावसाळा सोडला तर तिला गोडं पाणी फारसं मिळत नाही, त्यामुळे तिच्यातली जवळपास सगळी हालचाल भरती-ओहोटीचीच. विक्रोळीपासून मानखुर्दपर्यंतचं सांडपाणी, देवनारच्या कचराभूमीवरून झिरपणारं पाणी आणि पलीकडच्या ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांचं पाणी यांची विल्हेवाट ओहोटीवर अवलंबून राहते. ओहोटीबरोबर गेलेलं पाणी पुढच्या भरतीला बरंचसं परत येतं, आणि खाडीचं खरं दुखणं हेच आहे. झिंगडे आणि देसाई या संशोधकांनी या खाडीतल्या पाऱ्याचं प्रदूषण १९८१मध्येच दाखवून दिलं होतं.

गाळाचीही तीच गोष्ट. मुंबई बंदरातून उपसलेला गाळ कुठे टाकला तर परत येणार नाही, हा प्रश्न १९६०च्या आसपास ट्रॉम्बेच्या अणुशास्त्रज्ञांकडे आला. त्यांनी स्कँडियम-४६ हे किरणोत्सारी मूलद्रव्य असलेली काच गाळाइतकी बारीक दळली, ती तळावर सोडली आणि होडीमागे शोधक ओढत तिचा माग काढला. पुण्याजवळ खडकवासल्याला, १९१६मध्ये सुरू झालेल्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्रात, मुंबई बंदराची छोटी प्रतिकृती बांधून तिच्यात भरती-ओहोटी खेळवली गेली. पूल, धक्के, भराव यांनी प्रवाह कसा बदलेल, ते बांधकामाआधी अशा प्रतिकृतींत आणि आता संगणकावर तपासतात.

२६ जुलै २००५ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि त्याच दुपारी चारच्या सुमारास ४.४८ मीटरची भरती होती. त्या दिवसाबद्दल बोलताना पावसाचा आकडा सगळ्यांना आठवतो. भरतीचा आकडाही तेवढाच लक्षात ठेवायला हवा, कारण तो आधीपासून छापलेला होता. पाऊस किती पडेल याबद्दल हवामानशास्त्रज्ञांचे अंदाज चुकू शकतात. भरतीची वेळ मात्र वर्षभर आधी मिनिटांपर्यंत सांगता येते, आणि नाल्यांची दारं, पंप व रेल्वेचं नियोजन त्या वेळेभोवती करता येतं.

खाडीतले रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगोही, याच वेळापत्रकावर जगतात. ओहोटीला उघड्या पडलेल्या चिखलावर चरायचं आणि भरती चढली की नवी मुंबईच्या पाणथळींकडे उडून जायचं. २०१५मध्ये अभयारण्य आणि २०२२मध्ये रामसर स्थळ झालेल्या या खाडीचं रक्षण करायचं तर त्या पाणथळींत भरतीचं पाणी येणारे मार्गही मोकळे ठेवावे लागतील.

या कामात शिरायचं तर

समुद्रावर प्रेम असणं पुरेसं नाही, भौतिकशास्त्र आणि गणित आवडायला हवं. बारावीनंतर त्यातली पदवी, मग भौतिक समुद्रविज्ञानात एम.एस्सी. किंवा अभियांत्रिकीतून किनारी जलशास्त्र, आणि संशोधनवृत्तीसाठी राष्ट्रीय पात्रता परीक्षा, असा साधारण रस्ता आहे. गोवा विद्यापीठ, दोनापावलाची संस्था, हैदराबादचं महासागर माहिती सेवा केंद्र, खडकवासल्याचं केंद्र आणि पवईची आयआयटी ही महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्याच्या पल्ल्यातली ठिकाणं. जहाजावरचे दिवस कमी असतात. बहुतेक वर्षं नोंदी स्वच्छ करण्यात, चुकीचे आकडे ओळखण्यात आणि प्रतिमानं चालवण्यात जातात.

मानखुर्द किंवा ट्रॉम्बेच्या शाळेतल्या मुलांना याची सुरुवात जेट्टीवरच करता येईल. भरती-ओहोटीत बुडणार-उघडी पडणार अशा खांबावर सेंटिमीटरच्या खुणा करायच्या, मोठ्यांच्या देखरेखीखाली पाळ्या लावायच्या आणि दर तासाला पाण्याची उंची लिहायची. सलग पंधरा दिवस नोंदी झाल्या की चंद्राची आणि सूर्याची लहर वेगळी काढता येते. २९ दिवस, म्हणजे ६९६ आकडे झाले की चंद्र जवळ-दूर जाण्याचा परिणामही हाती लागतो. रात्रीच्या पाळ्या जमल्या नाहीत तर स्वस्त दाबमापक पाण्याखाली बांधून ठेवता येतो. मग त्याच दिवसांच्या अपोलो बंदरच्या तक्त्याशी हे आकडे ताडून पाहिले की भरतीला तिथून मानखुर्दपर्यंत यायला किती मिनिटं लागतात आणि वाटेत तिची उंची वाढते की घटते, ही दोन उत्तरं मुलांना स्वतःची स्वतः काढता येतील.